मागच्या दाराची शिस्त

गल्लीत सगळे त्यांना प्लसकाका म्हणत. त्यांना खरं नावही होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. गाडीला बॅटरी जोडताना "प्लस आधी, मायनस नंतर" असं ते दरवेळी पुटपुटत, जणू काही आजच शिकलेत. एका ट्रकवाल्याने त्यावरून हाक मारायला सुरुवात केली आणि ती चिकटली ती चिकटलीच. त्यांच्या बायकोला तोंडावर मायनसकाकू म्हणायची मात्र कुणाची छाती झाली नाही. पाठीमागे म्हणत, आणि काकूंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच कोण आपल्याशी जरा जास्त गोड बोलतंय यावर त्यांची बारीक नजर असे.

काकांचं दुकान मोठ्या रस्त्याला लागून होतं, ट्रक थांबतात तिथे. एकच खोली, वर पत्रा, पुढे बाकडं. बॅटरी मेली की बाकीचे दुकानदार खांदे उडवून नवी घ्या म्हणत. प्लसकाका ती उघडत. वरचं झाकण कापायचं, ॲसिड डब्यात ओतून घ्यायचं, आतल्या शिशाच्या प्लेटा उपसायच्या, सडलेल्या फोडून बाजूला टाकायच्या, शिसं वितळवून नवे जोड ओतायचे आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवायचं. शेवटी तारा जोडल्या आणि बल्ब लागला की काका आजूबाजूला बघत, कुणी पाहिलं की नाही म्हणून. कुणी पाहिलेलं नसेल तर बल्ब विझवून पुन्हा लावत.

या कामात एक राखाडी भुकटी निघते. ती बाकड्यावर असते, जमिनीवर असते, शर्टाच्या घड्यांत, पँटच्या दुमडीत, भुवयांवरसुद्धा असते. ही भुकटी चांगली नव्हे, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली ते शिकले, त्या मिस्त्रींची मनगटं म्हातारपणी लुळी पडली होती. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरत आणि तरीही अर्धा बशीत सांडत. काकांनी ते बघितलं होतं आणि मनाशी एक गाठ मारली होती: दुकान घरात येणार नाही.

आणि ते कधी आलं नाही, असं त्यांना वाटत होतं. संध्याकाळी काका पुढच्या दाराने घरात शिरत नसत. बोळातून वळसा घालून मागच्या अंगणात येत. तिथे चपला काढून एकमेकींवर आपटत. मग शर्ट काढत, दोन्ही हातांनी खांद्यांपाशी धरत आणि झटकत. फट्. मग पँट. तिची दुमड उलटी करून आतला कचरा खाली पाडत, खिसे बाहेर काढून झाडत. मग तिथल्याच मोरीत आंघोळ, आणि मगच उंबरठ्याच्या आत पाऊल. पाहुणे आलेले असोत, घरात कुणी तापाने फणफणलेलं असो, शिस्त म्हणजे शिस्त. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना प्लसकाकांचं उदाहरण देत, त्यामुळे गल्लीतल्या नवऱ्यांचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं.

अंगणावर राज्य होतं काकूंच्या कोंबड्यांचं. थोरली, मधली, धाकटी आणि नणंद. नणंद दिवसभर दुसरीच्या वाटीत तोंड घालायची आणि वर कुरकुरही तिचीच. काकूंची खरी नणंद एकदा राहायला आली आणि तिने कौतुकाने विचारलं, "हिचं नाव काय गं वहिनी?" काकूंनी पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, "हिला अजून ठेवलंच नाही." काका त्या वेळी खोकल्याचं निमित्त करून बाहेर निघून गेले.

आणि घरावर राज्य होतं मुंगीचं. मुंगी म्हणजे त्यांची नात, मुलीची मुलगी, चार वर्षांची. गोड काही कुठेही लपवा, ती शोधून काढायची, म्हणून मुंगी. जावई बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. मुलगी कापडाच्या गिरणीत पॅकिंग खात्यात. त्यामुळे मुंगी दिवसभर आजी-आजोबांकडे असे, आणि दोघंही तिला तळहाताच्या फोडासारखी जपत. दुकानाची पायरी तिला कधी चढू दिली नव्हती. एकदा मुलगी तिला घेऊन डबा द्यायला आली, तर काकांनी रस्त्यापलीकडे जाऊन डबा घेतला आणि वर मुलीलाच फैलावर घेतलं. कोंबड्यांनी दिलेलं अंडं मुंगीचं. काकू ते उकडून, वर चिमूटभर मीठ घालून स्वतःच्या हाताने भरवत. काका-काकूंच्या वाट्याला अंडं यायचं ते मुंगीने हट्टाने नाकारलं तरच.

संध्याकाळी काका अंगणात आले की मुंगी मागच्या दारात येऊन बसे. आंघोळ होईपर्यंत आजोबांना हात लावायचा नाही, हे तिला माहीत होतं. ती झटकण्याची वाट बघे. शर्टाचा फटका वाजला की खिदळायची. उतरत्या उन्हात ती बारीक धूळ चमकत खाली बसायची.

"अजून एकदा, आजोबा."

आणि आजोबा अजून एकदा झटकत.

थंडीच्या सुरुवातीला थोरलीने अंडी द्यायची थांबवली. काकू म्हणाल्या, वय झालं तिचं. मग मधलीनेही थांबवली, आणि तिचं तर काही वय झालेलं नव्हतं. थोरली पंख जमिनीवर टेकवून चालायला लागली. पुढे पुढे चालायचीही बंद झाली आणि एका सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात मरून पडलेली सापडली. छातीचं हाड हाताला लागत होतं, इतकी रोडावली होती.

काकूंनी निकाल जागच्या जागी लावला. शेजारी पडदे शिवणारी बाई राहायची. नवरा नव्हता, शिलाई मशीन होती आणि कुंपणाला लागून फुलांचा एक वाफा होता. तो नणंदेने दोनदा उकरला होता. दुसऱ्या वेळी शेजारीण कुंपणावरून म्हणाली होती, "यांचा एकदा बंदोबस्त करायला हवा."

"केला बंदोबस्त," काकू म्हणाल्या. "विष घातलंय. सरळ आहे."

"अगं, पुरावा काय?" काकांनी विचारलं.

"ती परवापासून माझ्याकडे बघून हसतेय."

काका कुणाच्या भांडणात पडणारे नव्हते. पण काकू जेवेनात, मधलीनेही पंख टाकले, आणि त्यात मुंगीचंही काहीतरी बिनसलेलं. गेले काही महिने तिचं पोट दुखायचं. पूर्वी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, आता एखादा शब्द बोलायची आणि बाकीचं बोटाने दाखवायची. उगाच चिडायची, कप फेकायची. आई दिवसभर दिसत नाही म्हणून पोर कोमेजली, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. घरात असं सगळं अंगावर आलेलं असताना निदान कोंबड्यांचा तरी छडा लावावा, म्हणून काकांनी थोरलीला खोक्यात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या. मेलेली कोंबडी घेऊन कुणी आल्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. थोरलीला त्या आत घेऊन गेल्या. बराच वेळ काका एका खोकणाऱ्या बोकडाशेजारी बाकावर बसून होते. मग बाईंनी त्यांना आत बोलावून तिथल्या बाकावर बसवलं.

"विषच आहे," त्या म्हणाल्या.

काकांना, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. आपली बायको उगाच आळ घेणारी नाही, हे सिद्ध झालं होतं.

"मला तसं लिहून द्या बाई. शेजारणीच्या पुढ्यात ठेवायचंय."

"शेजारणीचा काय संबंध?" बाईंनी त्यांच्या नखांकडे बघितलं. "काका, तुम्ही काम काय करता?"

"बॅटऱ्या. जुन्या बॅटऱ्या उघडून पुन्हा भरतो."

बाईंनी स्टीलचा एक ट्रे पुढे सरकवला. कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि पोटातल्या एका जाड पिशवीत त्या खड्यांवर दाणे दळते. थोरलीच्या त्या पिशवीत जे निघालं ते ट्रेमध्ये धुऊन ठेवलं होतं. वाळूचे कण होते, विटेचा एक तुकडा होता, आणि बाकीचे राखाडी, चपटे, दळून दळून गुळगुळीत झालेले दाणे.

काकांनी ते ओळखले. त्यांना हातात घ्यावं लागलं नाही, नखाने ओरखडा काढून बघावा लागला नाही. प्लेट फोडताना तिचे असेच तुकडे उडतात. पँटच्या दुमडीत असेच जाऊन बसतात. त्यांना स्वतःचा हात दिसला, रोज संध्याकाळी दुमड उलटी करणारा.

"मी तर घरात काही नेत नाही," ते म्हणाले. "सगळं बाहेर झटकतो. अंगणात."

"कोंबड्या कुठे असतात?"

काकांनी बाकाची कड घट्ट धरली. इतकी वर्षं ज्या शिस्तीचा त्यांना अभिमान होता, ती सगळी त्या ट्रेमध्ये पडली होती.

डॉक्टरबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. आवाज न चढवता त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"काका, ही अंडी कोण खायचं?"

त्यानंतर काका घरी कसे आले, वाटेत कोण भेटलं, त्यांना काही आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की घरात शिरले तेव्हा काकू मुंगीसमोर बसल्या होत्या, त्यांच्या हातात उकडलेल्या अंड्याचा घास होता, आणि काकांनी तो हातावर झडप घालून खाली पाडला. लग्न झाल्यापासून त्यांनी काकूंच्या हाताला असा हिसका कधी दिला नव्हता.

मुंगीला दुसऱ्याच दिवशी मुलांच्या दवाखान्यात नेलं. रक्त काढताना ती रडली नाही, नुसतं आजोबांकडे बघत राहिली. रडली असती तर काकांना सोसलं असतं. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी मुलीला आणि काका-काकूंना समोर बसवून नीट समजावून सांगितलं. मुंगीच्या रक्तात शिसं होतं, आणि पुष्कळ होतं. अंड्यांतून गेलं असेल, दारात बसून धूळ हाताला लागली आणि हात तोंडात गेला असेल, दोन्ही झालं असेल. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं बरंचसं बाहेर पडतं. लहान मूल त्याच्या कितीतरी पट शोषून घेतं. त्याचं वाढतं हाड शिशाला कॅल्शियम समजून साठवून ठेवतं. पोटदुखी त्याचीच, चिडचिड त्याचीच, आणि शब्द कमी झाले तेही बहुधा त्यामुळेच.

"औषध?" मुलीने विचारलं.

"देऊ. लोहाचं देऊ, दूध वाढवा, लागलं तर शिसं बाहेर काढणारं औषधही आहे. पण पहिलं औषध म्हणजे ते येणं बंद करणं."

"पहिल्यासारखी होईल?"

"लहान आहे, वेळेत कळलंय. बरीच सुधारेल. सगळं भरून येईल का, ते आज मी सांगू शकत नाही. बघत राहू."

मुलीने हट्टाने काकांचंही रक्त तपासून घेतलं. ते नातीच्यापेक्षा वाईट निघालं. पोट दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर काका म्हणाले, "ते तर कायमच दुखतं," जणू सगळ्यांचंच दुखत असतं.

घरी आल्यावर काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी भरवली. माझ्या हाताने, मीठ लावून."

"तू कशाला?" काका म्हणाले. "आणलं मी."

दोघांनी कधी एखादी वस्तू आपलीच म्हणून भांडण केलं नव्हतं. ते भांडण त्या दिवशी झालं, चूक माझीच म्हणून. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. ती आईला काही बोलली नाही. वडिलांना मात्र तिने हळूच विचारलं,

"बाबा, तुम्ही रोज झटकत होतात ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"अधूनमधून कंटाळा करायचा होता," ती म्हणाली आणि मुंगीला झोपवायला आत गेली.

काकांनी आधी एक काम उरकलं. ते शेजारणीकडे गेले. मशीन थांबवून तिने त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, आळ कसा घेतला तेही.

"विष?" ती म्हणाली. "विष विकत आणावं लागतं हो. कोंबड्यांसाठी माझ्याकडे झाडू होता, घरचा." मग तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो दोनदा हुकला. "अंगण खणणार असाल ना? तोवर पोरीला इकडे पाठवा. धुळीत नका ठेवू तिला. आणि माझा वाफाही खणून टाका, कुंपण काही धुळीला अडवत नाही."

अंगण खणलं. पाणी शिंपडून माती भिजवायची, मगच खरवडायची. तोंडाला फडकं, हातात मोजे. वरची माती पोत्यांत भरून नगरपालिकेच्या माणसांनी सांगितलं तिथे नेऊन टाकली आणि वर सिमेंटचा थर टाकला. शेजारणीच्या वाफ्यात नवी माती आली. घरातल्या सगळ्या फरश्या ओल्या फडक्याने पुसायच्या, कोरडा झाडू बंद. मधली आणि धाकटी वाचल्या नाहीत. नणंद वाचली. तिची अंडी फेकून द्यायची आणि तिला कापायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं, त्यामुळे नणंद आयुष्यभर बसून खायला मोकळी झाली. काकू म्हणाल्या, ते तिच्या नावाला शोभूनच आहे. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

बॅटऱ्या उघडणं काकांनी सोडलं. सोपं गेलं नाही. मेलेली बॅटरी आणून ठेवली की हात शिवशिवत. आता ती तशीच बंद राहायची आणि धूर ओढून घेणारी यंत्रं असलेल्या मोठ्या कारखान्याच्या गाडीत चढायची. काका फक्त नव्या विकत आणि चार्जिंग करून देत. दुकानाची जमीन पाण्याने धुतली, मागे एक मोरी बांधून घेतली. तिथेच आंघोळ, तिथेच कपडे बदलायचे, आणि कामाचे कपडे बंद डब्यात. संध्याकाळी ते आता पुढच्या दाराने घरात येत. हात धुतलेले असत. तरी ते पुन्हा धूत. नखं उजेडात धरून बघत. मग पुन्हा धूत.

आणि मुंगीला उचलत नसत.

कुणी मनाई केली नव्हती. डॉक्टर तर म्हणाले होते, तुम्ही आता स्वच्छ आहात, खुशाल खेळवा. पण ती हात पसरून आली की काका म्हणत, "थांब हं, नंतर," आणि काहीतरी काम काढत. या हातांनीच केलंय, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मुंगी आधी रडायची. मग तिने हात पसरणं सोडलं. ती कोपऱ्यातून आजोबांकडे बघे, आणि मोठी माणसं बोलत तेही ऐकत असे. शिसं मुंगीच्या रक्तात आहे. शिसं उतरतंय मुंगीचं. अजून आहे थोडं. मुलांसमोर आपण किती बोलतो आणि ती कशातून काय समजून घेतात, याचा हिशेब मोठी माणसं ठेवत नाहीत.

तपासण्या होत राहिल्या आणि आकडा सावकाश खाली येत राहिला. पोट दुखायचं थांबलं. भूक परतली. शब्दही येत होते, पण सुटे सुटे, एकेक.

एका संध्याकाळी काका नेहमीसारखे पुढच्या दाराने आले. काकू स्वयंपाकघरात होत्या. मागच्या अंगणातून एक बारीक आवाज आला. तो आवाज काकांनी झोपेतही ओळखला असता. फट्.

ते मागच्या दाराकडे धावले. सिमेंटच्या अंगणात मुंगी उभी होती, अंगात नुसती चड्डी. फ्रॉक काढून तिने दोन्ही खांद्यांपाशी धरला होता आणि जीव खाऊन झटकत होती. शेजारी तिच्या चपला एकमेकींवर ठेवलेल्या. फ्रॉक झटकून झाला तसे तिने दोन्ही हात झटकले, मग पोट झाडलं, मग केस. नणंद थोड्या अंतरावर मान वाकडी करून हे सगळं बघत होती.

"मुंगे, काय करतेस?"

तिने वर बघितलं. त्या थंडीपासून तिने इतके शब्द एका दमात जोडले नव्हते. सावकाश, एकेक शोधून ती बोलली.

"आजोबा, मी सगळं शिसं झटकलं. आता मी चांगली आहे. आता मला उचला."

काका उंबरठ्यावरच खाली बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. इतके दिवस ते स्वतःच्या हातांना भीत होते, आणि पोर समजत होती की आजोबा तिलाच भितात. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तेच हात, जाड, भेगाळलेले, नखं न तपासलेले.

"तू चांगलीच होतीस गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मुंगी लगेच आली नाही. तिने फ्रॉक पुन्हा उचलला, खात्री करायला.

"अजून एकदा?" तिने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "आता पुन्हा कधीच नको." आणि त्यांनी तिला उचललं.